औषध मारलं तरी पलंगाखाली पुन्हा पीठ का पडतं?

"मागच्या वर्षी दोन हात औषध मारून घेतलं, तरी परत पावडर पडतेय." पावसाळा तोंडावर आला की हे वाक्य मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. जुनं लाकडी सामान दुरुस्त करायचं, घासायचं, पॉलिश करायचं हा माझा धंदा. लाकूड पोखरणाऱ्या किडीची तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा औषध भेसळीचं होतं असं ठरवूनच येतो. खरोखर भेसळीचं औषध मला फार थोड्या वेळा भेटलं. चुकीच्या बाजूला, चुकीच्या महिन्यात किंवा भलत्याच किड्यावर मारलेलं औषध मात्र भरपूर पाहिलं. त्यात एक माझं स्वतःचंही आहे, ते पुढे सांगतो.

आधी पीठ ताजं आहे का ते बघा

अळी लाकूड खात पुढे सरकते आणि मागचा बोगदा विष्ठेने आणि चुऱ्याने ठासून भरत जाते. अळी मेली, भुंगेरा उडून गेला, तरी तो भुसा आतच राहतो. मग पलंगावर कोणी धपकन बसलं, कपाटाचं दार आपटलं, माळ्यावर पोरं नाचली की चिमूटभर गळतो. मेलेल्या किडीचा भुसा दोन-दोन वर्षं गळताना मी पाहिलाय. म्हणून पीठ दिसलं की लगेच बाटली उघडू नका.

सगळी भोकं कडक ब्रशने झाडून घ्या. प्रत्येक भोकाभोवती पेन्सिलीने गोल काढा आणि कडेला महिना-वर्ष लिहा. भोकं फार असतील तर माझी युक्ती सोपी आहे: पतंगाचा कागद घ्यायचा, मैद्याची पातळ खळ करायची आणि तो कागद किडलेल्या भागावर ताणून चिकटवायचा. आतून नवा भुंगेरा आला तर कागदाला टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक पडतं. सहा-आठ महिन्यांत कागद शाबूत राहिला, तर पडणारं पीठ जुनंच होतं. ताजं भोक नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येतं. त्याची कड धारदार असते आणि आतलं लाकूड नुकताच रंधा मारलेल्या फळीसारखं उजळ दिसतं. जुन्या भोकाची कड मळकट, आत धूळ.

मग किडा कोणता ते

दुकानात सगळ्यालाच 'बोरर' म्हणतात, गावाकडे भिरूड म्हणतात. पण पीठ चिमटीत घेऊन चोळलं की बराच उलगडा होतो. मैद्यासारखं, टाल्कम पावडरसारखं गुळगुळीत लागलं आणि भोक एक-दोन मिलिमीटरचं असलं, तर तो लिक्टस जातीचा भुंगेरा. आपल्याकडे घरातल्या तक्रारींत हाच जास्त. चोळताना खसखशीसारखे टणक दाणे बोटाला लागले आणि भिंगाखाली त्यांना सहा बाजू दिसल्या, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिची वसाहत असते, राणी असते, तिचा बंदोबस्त वेगळा. या लेखातला उपाय तिच्यावर अर्धाच चालेल. कौलारू घराच्या वाशांत रात्री शांततेत कुरकुर ऐकू येत असेल आणि भोकं लांबट, चांगली मोठी असतील, तर लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी. ती वाशात काही वर्षंसुद्धा काढते. आणि बोट जाईल एवढं गोल भोक, खाली जाडा भुसा आणि आजूबाजूला घोंघावणारा काळा भुंगा असेल, तर तो लाकूड खात नाही, फक्त घर करतो. संध्याकाळी भोक बुजवण्याआधी तो आत नाही ना एवढं बघा.

इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ इंग्लंड-युरोपातले असतात आणि तिथला 'वुडवर्म' म्हणजे बहुधा ॲनोबियम नावाचा भुंगेरा. त्याला थंड, दमट हवा लागते आणि त्याची अळी लाकडात तीन ते पाच वर्षं राहते. तिकडे जुनं घर घेतलेल्या आपल्या मंडळींना ते व्हिडिओ चालतील. आपल्या उकाड्यात लिक्टसची पिढी वर्षाच्या आत, कधी काही महिन्यांतच पुरी होते. म्हणून 'पाच वर्षं वाट पाहा' हा तिकडचा सल्ला इथे फुकटचा.

लिक्टसला लाकडातलं नेमकं काय हवं असतं हे कळलं की औषध कुठे मारायचं ते आपोआप कळतं. त्याला लाकडाचा मूळ सांगाडा, म्हणजे सेल्युलोज, पचत नाही. तो जगतो लाकडात साठलेल्या पिठावर, म्हणजे स्टार्चवर. हा स्टार्च कडेच्या पांढऱ्या लाकडात असतो, गाभ्यात नसतो. सागाला कीड लागत नाही म्हणतात ते गाभ्याच्या सागाबद्दल खरं आहे. "सागात पांढरं नको" असं जुने सुतार लाकूड घेतानाच बजावतात, ते यासाठी. आंबा, रबरवुड, सावर आणि बांबू यांत मात्र त्याची मेजवानी. मादी अंडी घालते ती लाकडाच्या उघड्या रंध्रांत, शेपटाकडची नळी आत सरकवून. रंध्रं पॉलिशने, रंगाने, मेणाने बुजलेली असतील तर तिला अंडी घालता येत नाहीत. पाइनला तर अशी रंध्रंच नसतात, त्यामुळे पॅकिंगच्या पाइन फळ्यांना लिक्टस लागत नाही. तिथे भोकं दिसली तर किडा दुसरा.

तुमच्या लाकडात स्टार्च आहे का हे घरीच बघता येतं. पांढऱ्या भागाचा एक कोपरा पटाशीने ताजा तासा आणि त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. निळा-काळा डाग उमटला तर किड्याचं जेवण वाढलेलं आहे. डाग तपकिरी-पिवळाच राहिला तर त्या भागाची काळजी कमी. बटाट्याच्या कापावर शाळेत केलेला प्रयोग हाच.

माझी फजिती

आईच्या गावच्या घरी एक पलंग आहे. पाय आणि डोक्याकडची चौकट सागाची, झोपायच्या फळ्या आंब्याच्या. पहिल्यांदा पीठ पडलं तेव्हा मी सुट्टीवर होतो आणि घाईत होतो. डबा आणला, ब्रश घेतला आणि वरून, पॉलिशवरूनच दोन हात फिरवले. ते तेलकट औषध पॉलिशवर मोत्यासारखं गोळा झालं आणि ओघळून खाली गेलं. आईची गोधडी डागाळली ती वेगळीच. पुढच्या जूनमध्ये मी पेन्सिलीने मोजली, एकेचाळीस नवी भोकं.

तेव्हा पलंग उलटा केला. फळ्यांची खालची बाजू कोरी, रंधासुद्धा नीट न मारलेली. कारागिराने दिसणारी बाजू चमकवली आणि न दिसणारी तशीच सोडली. आपल्याकडे हे सर्रास चालतं. मादीला दार तिथेच उघडं होतं. वरच्या पॉलिशला पडलेली भोकं बाहेर पडण्याची होती, आत शिरण्याची नव्हेत. भुंगेरा बाहेर पडताना पॉलिश फोडून निघतो, पण अंडी मात्र खालून गेलेली. म्हणजे मी घराच्या मागच्या दाराने चोर येत असताना पुढच्या दाराला कुलूप लावत बसलो होतो.

पुन्हा पुन्हा भुसा पडण्याच्या ज्या तक्रारी येतात, त्यांत निम्म्याहून जास्त ठिकाणी मला हेच सापडतं. कपाटाची भिंतीकडची पाठ, खणाचा तळ, टेबलाच्या खालच्या पट्ट्या, पाय जमिनीला टेकतो तो कापलेला तोंडाकडचा भाग, फळी पायात बसते ती खाच. तोंडाकडचा भाग तर सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिथे रेषा उघड्या पडलेल्या असतात आणि द्रव तिथून बाजूपेक्षा कितीतरी खोल शिरतो. मी आता तिथे ब्रश फिरवत नाही. पलंगाचा पाय दहा-पंधरा मिनिटं औषधाच्या उथळ ताटलीत उभा करून ठेवतो, त्याला हवं तेवढं तो स्वतःच पितो.

औषध आत काय करतं

बाजारात दोन जातीची औषधं मिळतात आणि त्यांचं काम अगदी वेगळं आहे. हे न कळल्यामुळेच 'लागू पडलं नाही' असं वाटतं.

पहिली जात तेलात विरघळवलेल्या परमेथ्रिन, सायपरमेथ्रिनसारख्या कीटकनाशकांची. किड्याच्या मज्जातंतूंत सोडियमच्या झडपा असतात, त्या उघडून लगेच मिटायला हव्यात. हे औषध त्या उघड्याच ठेवतं, मग किडा थरथरतो, लुळा पडतो आणि मरतो. पण त्यासाठी औषध त्याला लागायला हवं. ब्रशने मारलेलं तेल बाजूच्या अंगाने काही मिलिमीटरच आत जातं. दोन इंच आत बसलेल्या अळीला त्याचा पत्ताही नसतो. ती खात राहते, कोषात जाते, भुंगेरा होऊन बाहेरचा रस्ता कोरते आणि शेवटच्या त्या दोन-तीन मिलिमीटरात औषधाच्या थरातून येते. तो थर कुरतडताना किंवा त्यावर चालताना ती मरते. मेली नाही तरी तिची अंडी त्याच थरात पडतात आणि अंड्यातून निघालेली अळी तिथेच संपते. म्हणून औषध मारल्यानंतर येणाऱ्या पहिल्या हंगामात नवी भोकं पडणं हे अपयश नाही, ती आत आधीपासून होती तीच बाहेर आली. भोकाखाली किंवा खिडकीच्या कठड्यावर मेलेले लालसर-तपकिरी, बारीक लांबट भुंगेरे मिळाले तर औषध नीट काम करतंय. खरा निकाल दुसऱ्या हंगामाच्या मोजणीत.

यावरून महिनाही ठरतो. भुंगेरे निघून, अंडी घालून मोकळे झाल्यावर, पावसात फवारणी करण्यात अर्थ कमी. माझ्या अनुभवात मार्च-एप्रिल उत्तम. लाकूड तेव्हा कोरडं असतं आणि तेल चांगलं पितं.

दुसरी जात बोरॉनची: बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार. हे पोटातून जाणारं विष. किड्याने बोरॉन मुरलेलं लाकूड खाल्लं की त्याचं पचन आणि पुढची सगळी रासायनिक साखळी बिघडते आणि तो हळूहळू मरतो. वास नाही, डाग नाही, उडून जात नाही, लाकडात राहिलं तर वर्षानुवर्षं राहतं. मला स्वतःला घरातल्या सामानासाठी हेच आवडतं.

यातली एक गंमत ग्लासात करून बघण्यासारखी आहे. घरातल्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात एकटं बोरिक ॲसिड साधारण ५ ग्रॅमच विरघळतं, एकटा बोरॅक्सही तेवढाच, उरलेला तळाशी बसतो. पण दोन्ही एकत्र घातले तर एकमेकांशी जुळून नवा क्षार तयार होतो आणि तेवढ्याच पाण्यात जवळपास दुप्पट माल मावतो. प्रमाण वजनाने १ भाग बोरिक ॲसिडला दीड भाग बोरॅक्स. मी १ लिटर कोमट पाण्यात ४० ग्रॅम बोरिक आणि ६० ग्रॅम बोरॅक्स घालतो आणि पाणी काचेसारखं स्वच्छ दिसेपर्यंत ढवळतो. गढूळ राहिलं तर थोडं आणखी गरम करायचं.

लोकांची चूक होते ती पुढे. बोरॉन लाकडात चालतं ते पाण्याच्या पाठीवर बसून. लाकडात ओलावा असेल तरच ते आत आत सरकत जातं. तीस वर्षं वाळलेल्या फळीवर एक हात मारून उन्हात ठेवली, तर पाणी उडून जातं आणि क्षार वरच पांढरी भुकटी होऊन बसतो. म्हणून एका दिवसात तीन-चार हात मारायचे, पहिला जिरला की दुसरा. मग फळी प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून सावलीत आठवडाभर ठेवायची आणि त्यानंतर हळूहळू वाळू द्यायची. मूळ लाकूड कोरं हवं, पॉलिश असेल तर पॉलिश पेपरने पूर्ण काढूनच. प्लाय किंवा वीनियर असेल तर ही पद्धत विसरा, थर सुटतील. पातळ फळ्या वाकूही शकतात, वर वजन ठेवा.

आणि बोरॉन पाण्यावर येतं तसंच पाण्यावर जातंही. गळक्या कौलाखालच्या वाशाला, अंगणातल्या बाकाला किंवा मातीत रोवलेल्या खांबाला बोरॉन मारणं म्हणजे पैसे पन्हाळीतून सोडणं. आधी कौल बदला. बोरॉन मारून लाकूड नीट वाळलं की वर पॉलिश किंवा तेलरंगाचा थर द्या, मग रंध्रंही बुजतात आणि क्षारही आत राहतो.

पोटातलं विष म्हणून आणखी एक मर्यादा. आत खोल बसलेली अळी जिथे बोरॉन पोचलं नाही तिथेच खात असेल, तर ती मरणार नाही. म्हणून किडलेल्या सामानाला मी आधी भोकांतून तेलकट औषध देतो, तेल पुरतं वाळलं की मग कोऱ्या बाजूंना बोरॉन. तेल ओलं असेल तर पाणी शिरत नाही, हा क्रम उलटा झाला तरी चालेल पण घाई नको.

सुईने औषध भरताना

बारीक सुईची सिरिंज, पाच-सहा भोकांतलं एक निवडायचं आणि हळू दाबायचं. बोगदे आत एकमेकांना मिळालेले असतात, त्यामुळे इथे दाबलं की वितभर लांबच्या भोकातून चिळकांडी उडते, ती नेमकी डोळ्यात. चष्मा घालाच. अर्थात बोगद्यातला ठासलेला भुसा औषध स्पंजासारखा पितो आणि पुढे जाऊ देत नाही, म्हणून सुई भरली म्हणजे आतली शेवटची अळी मेली असं समजू नका. कोरलेल्या नक्षीच्या खांबाला, ज्याची पाठ मिळत नाही, सुई उपयोगी. सपाट फळीला ब्रश आणि ताटली बरी.

घरात मांजर असेल तर परमेथ्रिन वाळेपर्यंत तिला त्या खोलीत फिरकू देऊ नका. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करता येत नाही, माणसाला आणि कुत्र्याला येतं. माशांची टाकी बाहेर काढा, मासे तर याने पटकन मरतात. बोरिकही पोटात गेलं तर वाईटच, लहान मुलांपासून दूर, हातमोजे घालून, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने हे काम करू नये. पाळणा, पोळपाट, धान्याची कोठी यांना यातलं काहीही लावू नका.

हे करू नका

रॉकेल: ज्याला लागतं तो किडा मरतो हे खरं, पण चार दिवसांत उडून जातं आणि मागे काही राहत नाही. पुढच्या मादीला रस्ता मोकळा. वर आगीची भीती.

क्लोरपायरीफॉस: वाळवीचं म्हणून दुकानदार सर्रास देतो. मी झोपायच्या खोलीत वापरत नाही. मे २०२५ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात टिकून राहणारी घातक रसायनं जगभर बंद करायच्या कराराच्या, यादीत गेलं. त्याच यादीत २००९ साली लिंडेन गेलं होतं, जे एके काळी कुठल्याही घरात बिनधास्त मारायचे.

धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या कपाटात ठेवून 'गॅस देणं': कधीही नाही. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू माणसं मारतो. शिवाय वायू उडाला की लाकडावर संरक्षण उरत नाही.

काजूच्या टरफलाचं तेल: कोकणात होड्यांना आणि वाशांना लावायची जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे. पण कातडीला लागलं की फोड येतात आणि पलंगाला लावलंत तर झोपणाऱ्याची पंचाईत. वासे, रिपा यांपुरतं ठेवा.

हिरवट छटेचे तयार खांब मिळतात, कुंपणासाठी. त्यांत तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण दाबाने आत भरलेलं असतं. ही पद्धत आपल्याच देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी १९३३ मध्ये शोधली आणि नंतर जगभर गेली. खांब म्हणून उत्तम, पण त्याचे तुकडे चुलीत किंवा बंबात जाळू नका, आर्सेनिक राखेत आणि धुरात येतं.

सगळं करूनही येतंच असेल तर

मग खोलीत दुसरीकडे बघा. एका घरात तीन वर्षं कपाटावर उपचार चालले होते, आणि कपाटावर ठेवलेली बांबूची परडी मैद्यासारखं पीठ ओकत होती. वेताची खुर्ची, लग्नातली सुपं, पडवीतली जळाऊ लाकडं, माळ्यावरच्या जुन्या आंब्याच्या फळ्या, सगळं तपासा. बांबूची वस्तू किडलेली असेल तर उपचारापेक्षा ती घराबाहेर काढणं स्वस्त.

नवा बांबू घेणार असाल तर आजोबांची पद्धत खोटी नव्हती. वाहत्या ओढ्यात किंवा तळ्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचे, त्यात पाणी स्टार्च ओढून घेतं. पाण्याला येणारा आंबूस वास त्याचाच. अवसेला तोडावा की पुनवेला, यावर मी वाद घालत नाही, आयोडीनचा थेंब टाकतो.

आईच्या पलंगाचा हिशेब: उलटा करून दोन्ही औषधं दिल्यानंतरच्या जूनमध्ये सतरा भोकं, त्याच्या पुढच्या जूनमध्ये दोन, आणि दोन्हींखाली मेलेले भुंगेरे. यंदा पतंगाचा कागद अजून शाबूत आहे. आई म्हणते तो आता काढ, पाहुण्यांना वाटतं पलंग फाटलाय.